पुराआधीच्या गावात

आधी खिसे रिकामे करा. मोबाइल, किल्ल्या, कार्डं, सगळं इथे डेक्कनच्या मेट्रो स्थानकाखाली ठेवा. पैसेही ठेवा, तिकडे ते चालायचे नाहीत. चपला मात्र पायात असू द्या, कारण जिथे जायचंय तिथे मे महिना आहे आणि डांबर तळव्याला चिकटतं. आता नदीकडे तोंड करून उभे राहा आणि एकेक गोष्ट जाऊ द्या. मेट्रोचे खांब गेले. नदीपात्रातला रस्ता गेला. भिडे पूल गेला. वरच्या अंगाला लकडी पूल राहिला, खाली शनिवारवाड्याकडे नवा पूल, आणि मध्ये उन्हाळ्याने रोडावलेली मुठा.

१९६१ सालचा मे संपत आलाय आणि तुमचं वय नऊ आहे. वय उतरलं की अहो-जाहोही उतरतं, हे लक्षात ठेवा. मी तुम्हाला ‘तुम्ही’ म्हणत राहीन, बाकी इथे कुणी म्हणणार नाही. मागून टांगेवाला ओरडला ना, ‘ए कार्ट्या, मर बाजूला’, ते तुम्हालाच होतं.

लकडी पुलावरून या. नावात लाकूड असलं तरी पूल दगडी आहे. लाकडाचा पूल पेशवाईतला, पानिपतच्या वेळचा. तो केव्हाच गेला, नाव तेवढं टिकलं. पूल ओलांडला की नारायण पेठ. या वर्षी अधिक ज्येष्ठ आलाय, त्यामुळे लग्नामुंजींचे मांडव उतरलेत आणि त्याऐवजी जावई येताहेत. तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे, वर दिवा, असा थाट एखाद्या खिडकीतून दिसेल. तुपात उमलणाऱ्या अनारशाचा वास बोळाच्या तोंडापर्यंत येतो. पण त्याला भुलू नका. पुण्याच्या वाड्यांवर लिहिणाऱ्यांना प्राजक्त आणि अनारसे फार आठवतात. त्याच बोळात मागच्या अंगाला टोपलीचे संडास आहेत आणि ती मैल्याची टोपली डोक्यावर घेऊन जाणारी बाई रोज तुमच्या वाड्याच्या पाठीमागून जाते. तिला पुढच्या दरवाजाने यायची सोय नाही. तिचं नाव वाड्यातल्या एकाही मुलाला माहीत नाही. तुम्हालाही नाही.

दिंडीतून आत शिरा. मोठी माणसं वाकून येतात, तुम्हाला वाकावं लागत नाही. चौकाला शहाबादी फरशी, एका कोपऱ्यात आड, दुसऱ्या कोपऱ्यात नळकोंडाळं. बारा बिऱ्हाडं आणि नळ एक. पहाटे पाणी येतं, पण रांग आदल्या रात्रीच लागते. माणसं झोपतात आणि भांडी रांगेत उभी राहतात: तांब्याचा हंडा, पितळी कळशी, कडी तुटलेली पत्र्याची बादली. प्रत्येकाचं भांडं प्रत्येकाला ओळखू येतं, आणि सकाळी कोणाचा हंडा एक जागा पुढे सरकलेला आहे हेही. मग जे सुरू होतं त्याला वाड्यात भांडण म्हणत नाहीत. भांडण म्हणजे भाड्यावरून मालकांशी होतं ते. हे नुसतं पाणी भरणं.

तोटीला फडकं बांधलंय. त्यातून धार हंड्यात पडते तेव्हा आधी खणखणते, मग जाड होते, मग गळ्याशी आली की आवाज बारीक होत चढतो. माजघरात अंथरुणात पडल्या पडल्या तुम्हाला कळतं की आता शेवटचा तांब्याभर राहिलाय आणि आई हाक मारणार. मुलगी असाल तर कळशी उचलायला, मुलगा असाल तर बंब पेटवायला. बंबात घालायला लाकडाच्या ढलप्या पोत्यातून काढाव्या लागतात आणि त्यात एखादा विंचू निघण्याची शक्यता हा मे महिन्यातल्या सकाळचा एकमेव थरार.

खालच्या खोलीतल्या सोवळ्या आजी मात्र नळाचं पाणी पीत नाहीत. नळाच्या तोटीत चामड्याचा वायसर असतो, हे त्यांना त्यांच्या सासूने सांगितलंय. त्या आडाचं पिणार, तेही स्वतः शेंदलेलं. त्यांच्या घागरीला हात लावलात तर दिवस फुकट. तुमच्या आजोबांना या सगळ्याचं हसू येतं, पण तेही आजींच्या घागरीपासून चार हात लांबूनच चालतात.

आज आजोबांनी चार आणे दिलेत. म्हणजे पंचवीस नवे पैसे. दशमान नाणी येऊन चार वर्षं झालीत, तरी बाजार अजून आण्यातच बोलतो आणि हिशोबात थोडी फट राहते: एक आणा म्हणजे सहा नवे पैसे धरतात, पण चार आणे म्हणजे चोवीस होत नाहीत, पंचवीस होतात. एक-एक आण्याच्या चार वस्तू घेतल्यात की एक पैसा उरतो. वाड्यातल्या पोरांनी हे दुकानदारांच्या आधी शोधून काढलंय.

पैसे कुठे घालवायचे याला उत्तरं बरीच आहेत. तासावर सायकल मिळते, पाय पुरत नसतील तर नळीच्या खालून पाय घालून तिरकी चालवायची. बर्फाचा गोळा आहे. गोटी सोडा आहे, पण तो फोडायला दुकानदारच लागतो. आणि पेशवे पार्कात फुलराणी आहे. ही छोटी आगगाडी १९५६ सालापासून धावतेय, तिच्यात बसून पाच वर्षांत हजारो पोरांनी ‘मुंबईला’ जाऊन परत येण्याचं सुख घेतलंय. तुम्हीही घ्या. गाडी वळणावर झुकली की शेजारचा पोरगा मुद्दाम अंगावर रेलेल. तसं करायचं असतं.

पण खरी ओढ कालव्याची. खडकवासल्याहून निघालेला कालवा पर्वतीच्या पायथ्याने येतो, स्वारगेटवरून हडपसरकडे जातो. खडकवासल्याचं धरण इंग्रजांनी १८७९ च्या सुमारास पुरं केलं आणि तेव्हापासून पुण्याचा नळ, लष्कराचा नळ आणि हडपसरकडची शेती एकाच साठ्यावर जगतात. तुम्हाला त्याचं काय? तुम्हाला एवढंच ठाऊक की पाणी गार आहे, पाठीला सुका भोपळा नाहीतर पत्र्याचा बंद डबा बांधला की बुडत नाही, आणि घरी कळलं तर बंबफोडाने मार बसेल. मुलगी असाल तर कालवा बाद. काठावर बसून भावाचे कपडे सांभाळायचे आणि घरी खोटं बोलायचं, एवढाच तुमचा वाटा.

परत येताना वाटेतल्या एका हौदापाशी थांबा. पिंपळपानं तरंगताहेत, दगडावर कुणी बैल पाजतोय. वाकून आत बघा, आणि जरा जास्तच वाका. मी मागून धरलंय.

आता तुम्ही हौदाच्या तोंडापाशी नाही, त्याच्या मुळाशी आहात. १७५० च्या आसपासचं साल. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या आंबील ओढ्यावर तलाव बांधून घेतलाय आणि तिथून जमिनीखालून चुनेगच्ची नळ गावात आणलाय. नळ कसला, माणूस आतून चालत येईल एवढं भुयारच आहे. कुठे पंप नाही, चाक नाही. कात्रज उंच, गाव सखल, एवढ्या भांडवलावर पाणी शनिवारवाड्यापर्यंत चालत येतं. वाटेत जागोजागी उच्छ्वास बांधलेत, दाबाखालची हवा बाहेर पडायला. भुयारातून मग पेठापेठांत हौद: कुणी फडक्यांचा, कुणी नानांचा, कुठे काळा, कुठे बदामी. आणि हाच आंबील ओढा पूर्वी गावाच्या मधून वाहायचा. पावसाळ्यात पेठेत पाणी शिरे, म्हणून पेशवाईत तो पश्चिमेकडे वळवला. गाव वाढवायचं तर पाण्याला एका हाताने आणायचं आणि दुसऱ्या हाताने हाकलायचं, हे पुण्याला तेव्हापासून करावं लागलंय. नानासाहेब स्वतः पानिपतच्या धक्क्यातून सावरले नाहीत, १७६१ च्या जूनमध्ये पर्वतीवर वारले.

वर येताना घाईत शंभर वर्षं इकडेतिकडे होतील. १८६८ ला बाहेर पडलात तर गंज पेठेत निघाल. ज्योतिराव फुल्यांचं घर. अंगणात हौद आहे आणि आजच तो त्यांनी अस्पृश्यांना खुला केलाय. गल्लीतली माणसं लांब उभी राहून बघताहेत. हौदाशी एक बाई आलीय. घागर बुडवण्याआधी ती दोनदा मागे वळून पाहते. अजून थोडं पुढे सरकलात तर बुधवारात बाहुलीचा हौद लागेल. डॉक्टर विश्राम रामजी घोल्यांनी आपल्या गेलेल्या लेकीच्या आठवणीसाठी तो बांधला आणि वर दगडाची मुलगी उभी केली. तुमच्याच वयाची असेल. कात्रजचं पाणी उतारावरून आपोआप आलं, पण भुयाराच्या तोंडापासून माणसाच्या ओंजळीपर्यंतचं शेवटचं हातभर अंतर ओलांडायला त्याला शंभरावर वर्षं लागली. प्राजक्ताच्या आठवणी लिहिणाऱ्यांच्या वह्यांत हे अंतर सहसा येत नाही, म्हणून तुम्हाला वळसा घालून आणलं.

चला, १९६१ मध्ये. पण मे नको, जुलै.

शाळा सुरू झालीय. नव्या पुस्तकांना कागदाची कव्हरं घातलीत, कोरं दप्तर आहे. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या तीन-चार दिवसांपूर्वीच गावातून पुढे गेल्यात. बोळात अजून केळीच्या सालींचा चिखल आहे. पाऊस असा लागलाय की वाड्याच्या पांढऱ्या मातीच्या भिंतींना खालून ओल चढतेय. आज मंगळवार, ११ तारीख. उद्या काय होणार हे तुम्हाला माहीत आहे, आणि तुम्ही नऊ वर्षांचे आहात. करून बघा प्रयत्न. आजोबा ओसरीवर अडकित्त्याने सुपारी कातरताहेत.

‘आजोबा, पानशेतचं धरण फुटणार आहे.’

‘कोण म्हणतं?’

‘मला माहितेय.’

‘अरे, ते अजून पुरतं बांधून झालेलं नाही. फुटेल कशाला?’

आजोबांच्या उत्तरातच सगळं आहे. धरण मातीचं, काम अपुरं, पाणी सोडायच्या मोरीचं कामही पुरं झालेलं नाही आणि तरी त्या पावसाळ्यात पाणी अडवलंय. माती खचतेय. तुम्ही अंथरुणावर पडलेले असताना तिकडे लष्कराचे जवान भर पावसात वाळूच्या गोण्या रचताहेत. रात्रभर रचणार आहेत.

बुधवार, १२ जुलै. अमावास्या. सकाळी पानशेत फुटतं. त्याचं पाणी आंबी नदीतून, मुठेतून खडकवासल्यात येतं, आणि ऐंशी वर्षांचं ते धरण तेवढं पाणी पोटात ठेवू शकत नाही. काठावरून ते ओसंडायला लागतं. शाळेत घंटा अवेळी होते. बाई सांगतात, सरळ घरी जा, नदीकडे जायचं नाही. म्हणजे सगळे नदीकडे जातात. लकडी पुलाच्या अलीकडे गर्दी आहे, छत्र्या आहेत, चणेवाला आहे. पाणी पुलाच्या कमानींना भिडलंय आणि कमानी एकेक करून मिटताहेत. म्हशी वाहून येतात, पत्र्याची छपरं, एक आख्खं झाड मुळांसकट. लोक मोजताहेत. मग गर्दीच्या मागच्या बाजूने कुणीतरी ओरडतं आणि माना वळतात. पाणी समोरून यायची सगळे वाट बघत होते. ते मागच्या बोळातल्या गटारातून उलटं वर आलंय.

पळा. आई दारात उभी आहे, एका काखेत धाकटा, दुसऱ्या हातात देवांची संबळी. तिने दागिने घेतले नाहीत. पुढे कित्येक वर्षं ती हेच सांगणार आहे, की मला काही सुचलंच नाही. सोवळ्या आजींना दोन मुसलमान टांगेवाल्यांनी खुर्चीसकट उचललंय. आजी डोळे मिटून काही पुटपुटताहेत, आणि वायसर, घागर, विटाळ यातलं काहीही या वेळी त्यांच्या तोंडी नाही. चढाने वर चला, सदाशिव पेठेकडे. नारायण, शनिवार, कसबा, खाली सोमवार-मंगळवार, पलीकडे पुलाची वाडी आणि डेक्कन, सगळीकडे हीच धावपळ आहे. कुणी पर्वती गाठतंय, पलीकडचे लोक फर्ग्युसनच्या टेकडीकडे. मागे वळून पाहिलंत तर गुडघाभर पाण्यात एक बाई पिंपाला घट्ट धरून उभी दिसेल. पिंप रिकामं आहे आणि तरंगतंय.

दुपारी खडकवासला फुटतं. पाणी पुन्हा चढतं. लकडी पूल, नवा पूल दोन्ही पाण्याखाली. ओंकारेश्वराच्या देवळाभोवती पाणीच पाणी, देऊळ तेवढं उभं राहतं. त्याचा दगड टिकतो; वाड्यांची माती टिकत नाही. वाडा पडतो तेव्हा आवाज कडाड असा येत नाही. आधी आतल्या आत भिजून माती बसते, मग तुळया करकरतात, आणि मग भप्प असा दम सुटल्यासारखा आवाज येतो. मग धूळही उठत नाही. पावसात कसली धूळ?

रात्री गावात दिवे नाहीत. सदाशिव पेठेतल्या ज्या वाड्यात तुम्हाला जागा मिळालीय तिथे माणसं जिन्याच्या पायऱ्यांवर झोपलीत. कोणीतरी भाकरी-झुणका आणलाय आणि बिऱ्हाडाबिऱ्हाडांतून पोळ्या गोळा होताहेत. पोळी कोणाच्या घरची, हे त्या रात्री कुणी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी विचारायला लागले, हेही सांगितलं पाहिजे.

पाणी ओसरल्यावर वाड्यापाशी या. दिंडी उभी आहे, तिच्या मागे वाडा नाही. चिखल गुडघ्याएवढा, वर सुकलेला आणि खाली पेजेसारखा. त्यात हात घालून आई चाचपडतेय. वाटी मिळते. परात मिळते. तांदळाचा डबा मिळतो, झाकण उघडताच आंबलेला भपकारा येतो. एका कोनाड्यातलं गणपतीचं चित्र जागच्या जागी आहे आणि काचेच्या आत अर्ध्यापर्यंत पाणी साठलंय. तुमची पुस्तकं कव्हरांसकट फुगून दप्तराच्या बाहेर आलीत. आजोबांच्या ट्रंकेतल्या नोटा आई तव्यावर शेकून सुकवते, एकेक, उलथन्याने पालथी करून. तसं करताना ती हसते, आणि मग एकदम हसायची थांबते.

आणि नळ कोरडा आहे. इतकं पाणी येऊन गेल्यावर गावात प्यायला पाणी नाही. खडकवासल्यात साठाच उरला नाही तर नळात काय येणार? कालव्याच्या तळाला भेगा पडताहेत. मग पुणं मागे चालत जातं: आडांवरची झाकणं निघतात, विहिरींचा गाळ उपसला जातो, रहाट पुन्हा करकरायला लागतात, आणि कात्रजच्या हौदांवर दोनशे वर्षांपूर्वीसारखी रांग लागते. तुम्ही बादली घेऊन रांगेत उभे आहात. पुढे कसब्यातली एक कासारीण, मागे मंगळवारातून आलेलं एक कुटुंब, त्यांच्या मागे सोवळ्या आजी. आजींच्या हातात कुणाचं तरी पत्र्याचं डबडं आहे. त्यांची स्वतःची घागर मुठेतून कुठल्या कुठे गेलीय.

रांग निम्मी सरकते आणि कुणीतरी ओरडतं, ‘पाणी आलं! दुसरं धरण फुटलं!’ बादल्या टाकून माणसं धावत सुटतात. चपला सुटतात, पोरं चुकतात, म्हातारी माणसं पडतात. काहीही फुटलेलं नसतं. त्या दिवसांत अशा आवया उठत राहिल्या, आणि दर वेळी लोक तितक्याच जिवाच्या आकांताने धावले. तुम्हीही धावणार आहात, सगळं माहीत असूनसुद्धा. पायांना कुठे साल कळतं?

यापुढचं पटपट बघून घ्या, कारण ते लांबतं. शाळांच्या वर्गांत पूरग्रस्त राहतात, म्हणून शाळा बंद. मग अर्धगोल पत्र्याच्या निसन हट: उन्हात भट्टी, पावसात ताशा. चौकशी आयोग बसतो. खडकवासल्याचं भगदाड बुजवलं जातं, कालव्यात पुन्हा पाणी येतं. पानशेत नव्याने बांधून व्हायला १९७२ उजाडतं. दरम्यान गोखलेनगर, जनवाडी, लोकमान्यनगर, सहकारनगर ही नावं नकाशावर येतात. नदीकाठची गर्दीची पेठ उचलून टेकडीच्या उतारावर ठेवलेली असते, एका ओळीत, नंबर घालून. वाड्यातली बारा बिऱ्हाडं बारा दिशांना जातात. भांडायला कुणी राहत नाही. फुलराणीत अंगावर रेलणारा पोरगा मंगळवार पेठेतल्या मामाकडे गेला आणि तिथून कुठे, ते तुम्हाला कधीच कळणार नाही. त्याचा जन्मदाखलाही पुरात गेला. तुमचा गेला, आजोबांचं मॅट्रिकचं सर्टिफिकेट गेलं, वाड्याच्या भाडेपावत्या गेल्या. यापुढे त्या घरांत प्रत्येक गोष्टीला पुराआधीची नाहीतर पुरानंतरची एवढीच तारीख पुरणार आहे: ताईचं लग्न पुराआधीचं, धाकट्याची मुंज पुरानंतरची.

कागद गेले म्हणून कचेरीत नवे करावे लागतात. टेबलापाशी कारकून बसलाय, समोर छापील फॉर्मांचा गठ्ठा. रांगेत तुमचा नंबर लागतो. आजोबांना बसवत नाही म्हणून पुढे आजी झाल्यात. सोवळ्या आजी नव्हेत, तुमच्या.

‘नाव?’

आजी सांगतात.

‘राहायचा पत्ता?’

‘नारायण पेठ.’

‘आजी, घर पडलंय ना तुमचं?’

‘हो. साफ.’

‘मग आत्ताचा पत्ता सांगा.’

‘मेल्या, घर पडलं. पेठ कुठे पडली?’